जुना बंगला विकण्याआधी नकाशा मंजूर करून घ्यायचा का? पुण्यातलं एक प्रकरण

पुण्यात जुना बंगला विकायला काढला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "आधी प्लॅन पास करून घ्या, मग विका, दीडपट भाव येईल." दुसरा म्हणतो, "परवानग्यांच्या नादी लागू नका, आहे तसा देऊन मोकळे व्हा." दोन्ही सल्ले कुठे ना कुठे खरे ठरलेले असतात, म्हणून तर लोक ते इतक्या ठामपणे देतात. आपल्या घराला त्यातला कुठला लागू पडतो हे मात्र कागद आणि जागा पाहिल्याशिवाय कळत नाही.

या प्रकरणात मी वास्तुविशारद म्हणून विकणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने काम केलं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून भाग आणि गल्ली सांगत नाही. रकमाही देत नाही. एका बांधकाम व्यावसायिकाचा पहिला देकार, म्हणजे त्याने देऊ केलेली किंमत, १०० धरून बाकीचे आकडे त्याच्या प्रमाणात दिले आहेत.

पार्श्वभूमी

सुमारे ४००० चौरस फुटांचा, म्हणजे ३७२ चौरस मीटरचा स्वतंत्र प्लॉट. गृहरचना संस्थेची जमीन नाही, भाडेपट्टा नाही. वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेला. तळमजल्याचा नकाशा १९७४ साली मंजूर झालेला आणि भोगवटा पत्रही (बांधकाम वापरायला हरकत नसल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेलं. वरचा मजला १९९१ मध्ये चढला. मुलाचं लग्न ठरलं होतं, खोल्या हव्या होत्या, ओळखीच्या गवंड्याने बाहेरून जिना काढून दिला. परवानगी घेतली नाही. त्या काळात गल्लीतल्या निम्म्या घरांवर मजले असेच चढले.

आई २०१४ मध्ये गेली, वडील २०२० मध्ये. मृत्युपत्र नव्हतं. वारस तिघं: थोरल्या ताई पुण्यातच, मधले भाऊ मेलबर्नला, धाकटी बहीण ठाण्याला. घर बंद. २०२३ च्या सुरुवातीला तिघांनी विकायचं ठरवलं, तेव्हा मालमत्ता पत्रकावर अजून वडिलांचंच नाव होतं.

घरातल्या सगळ्यांचा एक ठाम समज होता, आणि तो फार घरांत आढळतो: वरच्या मजल्याचा मिळकत कर इतकी वर्षं भरतोय, म्हणजे तो मजला अधिकृत आहे. तसं नसतं. कराची आकारणी वापरावर होते. कराची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

अडचण

पहिल्या दोन महिन्यांत तीन गोष्टी समोर आल्या आणि तिन्ही वेगळ्या दिशेला ओढणाऱ्या.

एका डॉक्टर दांपत्याला घर राहायला हवं होतं. खाली दवाखाना, वर घर, असा त्यांचा विचार. त्यांनी १२० देऊ केले, पण त्यातला मोठा भाग बँकेच्या कर्जातून यायचा होता. बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्याने मंजूर नकाशा हातात घेऊन घर पाहिलं, वरचा मजला नकाशात नाही असं लिहिलं आणि मूल्य फक्त जमीन व तळमजल्याचं धरलं. कर्ज कमी पडायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, वरचा मजला नियमित करून द्या, मग पुढे बोलू.

त्याच भागात छोट्या इमारती बांधणाऱ्या एका बांधकाम व्यावसायिकाने १०० सांगितले. त्याचं कारण एका वाक्यात होतं: "रस्ता नऊ मीटर नाही, टीडीआर बसत नाही, मग यापेक्षा जास्त कसं देऊ?" टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन आपल्या प्लॉटवर वापरणं.

आणि एका एजंटाने ताईंना सांगितलं की पाच मजल्यांचा नकाशा स्वतः मंजूर करून घ्या, १५० कुठे गेले नाहीत. ताईंच्या मनात तेच बसलं. भावांना मात्र लवकर मोकळं व्हायचं होतं. धाकटीचं म्हणणं, जे काही करायचं ते तिघांच्या सहीने आणि कागदावर.

समोरचे पर्याय

आहे तसं विकणं हा सगळ्यात सरळ मार्ग होता, १०० ला. बाकीचे तीन मार्ग परवानगीच्या वेगवेगळ्या अर्थांभोवती फिरत होते, आणि ते आधी वेगळे करून घेणं गरजेचं होतं, कारण घरातल्या बोलण्यात तिन्हींना एकच शब्द वापरला जात होता: "परमिशन".

वरचा मजला नियमित करणं ही झालेल्या बांधकामाची परवानगी. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करून घेणं ही न झालेल्या बांधकामाची परवानगी. तिसरा मार्ग असा, की परवानगी खरेदीदाराने त्याच्या खर्चाने घ्यायची, आणि ती कशी मिळते यावर किमतीचा काही भाग ठेवायचा. पहिली परवानगी राहायला येणाऱ्याच्या उपयोगाची, दुसरी पाडून बांधणाऱ्याच्या. एकाच्या कामाचा कागद दुसऱ्याला रद्दी. मी कुटुंबाला पहिल्या बैठकीत एवढंच विचारलं होतं: घर विकताय की जमीन? त्यांना ते रुचलं नाही. पण १९७४ चं लोडबेअरिंग (खांबांऐवजी भिंतींवर उभं) बांधकाम, ३७२ चौरस मीटरचा प्लॉट आणि पुण्याचा हा भाग एकत्र पाहिला तर दहातले आठ खरेदीदार जमीनच घ्यायला येणार होते.

पहिला निर्णय: वरचा मजला नियमित करायचा का?

डॉक्टरांचे १२० कागदावर चांगले दिसत होते, म्हणून हा पर्याय आधी तपासला. एफएसआयची, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं या प्रमाणाची, अडचण नव्हती. प्लॉटवर मूळ १.१० प्रमाणे ४०९ चौरस मीटर बसतात आणि दोन्ही मजले मिळून बांधकाम त्याच्या निम्म्याहून कमी होतं. अडचण बाजूच्या मोकळ्या जागेची होती. मंजूर नकाशात पूर्वेला दहा फूट मोकळे सोडलेले. बाहेरचा जिना आणि त्याला लागून काढलेलं न्हाणीघर यांनी ते सव्वातीन फुटांवर आणले होते. म्हणजे मजला नियमित करायचा तर जिना आणि न्हाणीघर पाडून घराच्या आतून जिना काढायला हवा. जुन्या भिंतींच्या घरात स्लॅब कापून जिना काढणं हे मोठं काम आहे.

दुसरी बाब लोक सहसा लक्षात घेत नाहीत. नियमितीकरणाचा अर्ज करणं म्हणजे हे बांधकाम विनापरवाना आहे असं स्वतःच्या सहीने लिहून देणं. ते नियमात बसलं तर दंड आणि शुल्क भरून प्रश्न मिटतो. नाही बसलं, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते, आणि मग विक्री चालू असताना ती नोटीस प्रत्येक खरेदीदाराच्या वकिलाला दाखवावी लागते. म्हणून अर्ज टाकण्याआधी उत्तर माहीत असायला हवं.

आम्ही डॉक्टरांना विचारलं: काम आणि मंजुरी धरून आठ-नऊ महिने लागतील, तोवर थांबण्याचं लेखी आणि विसार देऊन कबूल कराल का? त्यांना दवाखाना त्याच वर्षी सुरू करायचा होता. ते प्रामाणिकपणे नाही म्हणाले. तो विषय तिथेच थांबवला. एका खरेदीदारासाठी घर कापायचं आणि तोच निघून जायचा, ही जोखीम तिघांनाही नको होती.

मजला विनापरवाना आहे ही गोष्ट त्यानंतर प्रत्येक खरेदीदाराला पहिल्या भेटीतच सांगितली. पाडायलाच घेणाऱ्याला त्याचं काही नव्हतं. आणि लपवली असती तर ज्याला होतं, त्याच्याशी पुढे वाद झाला असता.

दुसरा निर्णय: रस्ता

बांधकाम व्यावसायिकाचं वाक्य मला सोडवत नव्हतं. या सगळ्या प्रकरणाचा जीव त्या एका वाक्यात होता.

राज्याच्या जानेवारी २०१६ च्या टीडीआर धोरणापासून नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने तीच रेघ कायम ठेवली. पुण्यात नऊ मीटरच्या आत असाल तर १.१० वर थांबायचं. नऊ ते बारा मीटरमध्ये असाल तर ०.५० प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि ०.४० टीडीआर धरून २.०० पर्यंत जाता येतं. या प्लॉटवर हा फरक ४०९ आणि ७४३ चौरस मीटरचा. त्यावर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत पूरक म्हणजे अ‍ॅन्सिलरी एफएसआय मिळतो, म्हणजे फरक आणखी रुंदावतो. सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव पुणे महापालिकेत २०२० मध्ये आला, तेव्हा शहरात एवढा वाद का झाला, ते या आकड्यांवरून समजावं. रस्त्याच्या रुंदीत जमिनीचा भाव असतो.

एका रविवारी सकाळी, गाड्या उभ्या राहायच्या आत, मी आणि ताईंचा मुलगा टेप घेऊन गल्लीत उतरलो. घराच्या फाटकासमोर भिंत ते भिंत २८ फूट २ इंच भरले, म्हणजे ८.५९ मीटर. चार घरं पुढे, जिथे एकाने गाडी आत घ्यायला सिमेंटचा उतार रस्त्यात आणलाय, तिथे २७ फूट ४ इंच. गल्लीच्या तोंडाशी, जिथे एक भिंत कधीच पुढे आली नव्हती, तिथे बरोबर ३० फूट. तीस फूट म्हणजे ९.१४ मीटर.

टेप धरून उभं राहिल्यावरच ते दिसलं. जुन्या ले-आउटमध्ये रस्ते फुटांच्या पूर्ण आकड्यांत आखत: वीस, तीस, चाळीस. एका टोकाला नेमके तीस भरतात याचा अर्थ रस्ता मुळात तीसचा आहे आणि पन्नास वर्षांत कुंपणं पुढे सरकली आहेत. आता हे कागदावर दाखवायचं होतं, कारण टेपने मोजलेला रस्ता आणि मंजूर रेखांकनातला, म्हणजे ले-आउटच्या नकाशातला, रस्ता यात परवानगी देणारा अधिकारी दुसरा धरतो.

मूळ ले-आउटची प्रत कुटुंबाकडे नव्हती. खरेदीखतात फक्त प्लॉट क्रमांक आणि चतुःसीमा: "उत्तरेस ले-आउटचा रस्ता", रुंदी नाही. महापालिकेच्या अभिलेखात शोधासाठी अर्ज केला. तिकडून उत्तर यायला वेळ लागत होता. प्रत मिळाली ती गल्लीतल्याच एका काकांकडे. त्यांनी पूर्वी घर बांधताना अकृषिक आदेश (जमीन शेतीशिवाय वापरण्याची परवानगी) आणि त्यासोबतचं रेखांकन साक्षांकित करून ठेवलं होतं. पिवळा पडलेला अमोनिया प्रिंट, कडेला फाटलेला, पण रस्त्याच्या मधोमध अक्षरं स्वच्छ: ३० फूट रुंद रस्ता. त्या प्रतीवरचा आदेश क्रमांक आणि तारीख घेऊन पुन्हा अर्ज केला, तेव्हा अभिलेखातून साक्षांकित नक्कल लवकर निघाली. क्रमांक नसलेला शोध आणि क्रमांक असलेला शोध यांत महिन्यांचा फरक पडतो.

तिसरा निर्णय: स्वतःची भिंत

नक्कल हातात आल्यावर भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याची मोजणी भरली, तातडीची. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाने खुणा दाखवल्या आणि गोष्ट जरा नाजूक झाली. या घराचीही समोरची भिंत हद्दीच्या बाहेर होती: फाटकापाशी ५ इंच, वायव्य कोपऱ्यात १४ इंच. शेजाऱ्यांनी रस्ता खाल्ला असं म्हणत होतो. आपणही त्यातलेच निघालो.

भिंत पाडून हद्दीवर घ्यायची का, यावर तिघांत खरी ताणाताणी झाली. ती भिंत वडिलांनी समोर उभं राहून बांधून घेतलेली. काळ्या दगडाचा पाया, वर जाळीच्या विटा. ताईंचं म्हणणं, जो घेईल तो पाडेल, आपण का हात लावायचा? भावांचं म्हणणं, विकायच्या घरावर आणखी खर्च कशाला? माझं मत स्पष्ट होतं आणि आजही तेच आहे. जो कागद दाखवून आपण भाव मागणार, त्या कागदाशी आपलीच भिंत भांडत असेल तर समोरचा पहिला प्रश्न तिथेच विचारणार. शिवाय मालकी हक्काचं क्षेत्र एक इंचानेही कमी होत नव्हतं. जे सोडायचं होतं ते आपलं नव्हतंच.

शेवटी धाकट्या बहिणीने तोड काढली. पूर्ण भिंत न पाडता समोरची बाजू उतरवून हद्दीच्या खुणेवर साधी ब्लॉकची भिंत घ्यायची आणि दगड आवारातच रचून ठेवायचे. खर्च किरकोळ आला. महत्त्वाचं म्हणजे हे काम होताना पाहून समोरच्या बंगलेवाल्यांनी रेखांकनाची प्रत मागून घेतली. त्यांनाही पुढेमागे विकायचंच आहे.

चौथा निर्णय: पूर्ण मंजुरी घ्यायची का?

आता हातात रस्त्याचा पुरावा, मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा), झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा होता. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या विकास योजनेत प्लॉटवर आरक्षण नाही, रस्तारुंदी नाही, निवासी विभाग. ताई म्हणाल्या, मग आता प्लॅन पास करूनच घेऊ. हा मोह अगदी समजण्यासारखा आहे. पण मी त्याच्या विरोधात मत दिलं, त्याची कारणं अशी.

नकाशा नुसता दाखल करण्याचा खर्च फार नाही. पण बांधकाम सुरू करण्याचा दाखला हातात यायचा, तर विकास शुल्क आणि प्रीमियम भरावं लागतं. ०.५० प्रीमियम एफएसआय म्हणजे इथे १८६ चौरस मीटर, आणि त्याचा दर रेडी रेकनरमधल्या (सरकारी दरपत्रकातल्या) जमीनदराच्या ३५ टक्के. टीडीआर बाजारातून विकत घ्यायचा तो वेगळा. हे पैसे तीन वारसांनी खिशातून घालायचे, घर विकलं जाईल या भरवशावर. आंब्याच्या आणि जांभळाच्या झाडासाठी वृक्ष प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज. प्रत्येक कागदावर तिघांच्या सह्या, त्यातली एक मेलबर्नहून.

मंजुरीला मुदतही असते. कायद्याने ती एक वर्षाची, आणि वर्षावर्षाने वाढवत एकूण चार वर्षांपर्यंत जाते. खरेदीदार मिळायला उशीर झाला तर घड्याळ तुमच्या डोक्यावर टिकटिकतं.

सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळं होतं. छोट्या प्लॉटवर बांधणारा प्रत्येक व्यावसायिक स्वतःच्या हिशेबाने फ्लॅटचे आकार, पार्किंग आणि जिना ठरवतो. तुमचा मंजूर नकाशा तो घेतो आणि दुसऱ्याच महिन्यात सुधारित नकाशा दाखल करतो. त्याच व्यावसायिकाने, ज्याने १०० सांगितले होते, रेखांकन पाहिल्यावर सरळ सांगितलं: "तुमचा प्लॅन मला नको. रस्त्याचा कागद द्या, बाकी मी बघतो." मला ते पटलं.

करसल्लागारांनीही एक सूचना दिली. वारसाहक्काने आलेलं घर विकणं हा भांडवली नफ्याचा विषय आहे. मालकच इमारत उभी करण्याच्या कामात जितके पुढे जातील तितका हा व्यवसाय मानला जाण्याचा धोका वाढतो. नुसत्या नकाशाने तसं होत नाही, पण प्रीमियम भरणं, टीडीआर घेणं या वाटेने गेलं तर प्रश्न उठू शकतो. नफा मोजण्यासाठी त्यांनी १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून आधीच करून घ्यायला सांगितलं, ते केलं.

म्हणून ठरलं: मंजुरी नाही, पण मंजुरी कशी मिळू शकते याची पूर्ण फाइल. मी नियमावलीनुसार एक प्राथमिक आराखडा काढून दिला, तळाला पार्किंग आणि वर मजले. दाखल करण्यासाठी नव्हे, खरेदीदाराला हिशेब करता यावा म्हणून.

काय केलं

फाइल घेऊन पाच व्यावसायिकांकडे गेलो. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आत असल्यामुळे महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नोंदणीची सक्ती नव्हती, त्यामुळे लहान व्यावसायिकही रस घेत होते. देकार १२४ ते १३० च्या मध्ये आले. कुणीच १३० च्या वर जाईना, कारण महापालिका हा रस्ता प्रत्यक्ष मंजुरीत नऊ मीटर धरेल का, ही शंका प्रत्येकाने किमतीतून वजा केली होती.

इथे तिसरा मार्ग कामी आला. एकाशी असं ठरलं: १२८ पक्के, आणि महापालिकेने रस्ता नऊ मीटर धरून मंजुरी दिली तर आणखी ९. परवानगी खरेदीदार त्याच्या खर्चाने घेणार. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदणीकृत, त्यावरच पूर्ण मुद्रांक शुल्क, आणि ताबा खरेदीखताच्या दिवशी.

दोन कलमांवर वकिलांनी फार काळजी घेतली. खरेदीदाराने पहिल्या मसुद्यात कुलमुखत्यारपत्र मागितलं होतं, विक्री आणि गहाण यांच्या अधिकारांसकट. ते नाकारलं. त्याऐवजी फक्त परवानगीचे अर्ज आणि कागद सही करण्यापुरतं मर्यादित अधिकारपत्र दिलं, मुदतीसह. भावांनी आपला हिस्सा हाताळण्यासाठी ताईंना दिलेलं अधिकारपत्र परदेशात साक्षांकित झालं होतं. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घेतलं.

दुसरं कलम वाढीव ९ चं. मूळ मसुद्यात होतं: "टीडीआरसह नकाशा सहा महिन्यांत मंजूर झाल्यास." वाचायला ठीक. पण या धंद्यात बहुतेक जण पहिला नकाशा मूळ एफएसआयवरच मंजूर करून घेतात आणि टीडीआर नंतर, सुधारित नकाशात चढवतात, कारण पैसे उशिरा गुंतवायचे असतात. म्हणजे रस्ता नऊ मीटर मान्य होऊनही सहा महिन्यांत टीडीआरचा नकाशा आलाच नसता आणि वाढीव रक्कम हातची गेली असती, कुणाचीही लबाडी नसताना. वकिलांनी वाक्य बदललं: मंजूर झालेल्या पहिल्या नकाशावर लगतच्या रस्त्याची रुंदी नऊ मीटर किंवा अधिक दाखवलेली असल्यास. पैसे एफएसआयला नव्हे, रस्त्याला बांधले.

निष्पत्ती

साठेखतानंतर साडेचार महिन्यांनी पहिला नकाशा मंजूर झाला. अंदाजाप्रमाणे तो १.१० वरच होता. पण नकाशावर समोरचा रस्ता ९.१४ मीटर म्हणून आला, साक्षांकित रेखांकन आणि मोजणीच्या आधारावर. कुंपण हद्दीवरच ठेवायची अट होती आणि ते आधीच तिथे होतं. वाढीव ९ खरेदीखताच्या वेळी मिळाले. एकूण १३७.

मोजणी, भिंत, वकील आणि माझं शुल्क मिळून कुटुंबाचा खर्च त्याच १०० च्या मापात दीडच्या आसपास. विकायचं ठरल्यापासून खरेदीखतापर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. १०० ला विकलं असतं तर तीन-चार महिन्यांत संपलं असतं. भावांना तो उशीर शेवटपर्यंत खटकला आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बंद घराची राखण, कर, आणि परदेशातून कागद पाठवण्याची दगदग त्यांनाही होती.

वेगळं काय करता आलं असतं

वर्षातले तीन महिने फक्त वारसनोंदीत गेले. वडील गेल्यावर लगेच नगर भूमापन कार्यालयात वारसांची नावं लावली असती, तर ते तीन महिने वाचले असते आणि पहिल्या खरेदीदारांशी बोलताना कुटुंबाची बाजू भक्कम राहिली असती. विकायचा विचार नसला तरी हे काम लांबवू नये. एखादा वारसही गेला की वारसांची संख्या वाढते आणि सह्या गोळा करणं अवघड होत जातं.

डॉक्टर दांपत्य हातचं गेलं याची ताईंना अजून चुटपुट आहे, कारण घर घर म्हणून राहिलं असतं. वडील असतानाच, घाई नसताना, जिना आत घेऊन मजला नियमित केला असता तर ते शक्य होतं. पैशाच्या हिशेबाने १२० आणि १३७ मधला फरक मोठा आहे. पण काही कुटुंबांना तो फरक देऊनही घर उभं राहिलेलं हवं असतं, आणि तो त्यांचा अधिकार आहे. फक्त तसा निर्णय विक्रीच्या दोन वर्षं आधी घ्यावा लागतो.

वाढीव रकमेच्या सौद्यात एक धोका उरलाच होता. खरेदीदाराने नकाशा दाखलच केला नसता तर? साठेखतात दाखल करण्याची तारीख होती, पण ती पाळली नाही तर काय, हे मोघम होतं. दंडाची ठरावीक रक्कम लिहायला हवी होती. हा खरेदीदार सरळ निघाला म्हणून त्याची गरज पडली नाही.

हे सगळं उत्तर या प्लॉटचं आहे. साताऱ्यात किंवा नगरला दोन मजली रो-हाउस विकायचं असेल, तर तिथे येणारा खरेदीदार बहुधा राहायला येणारा आणि कर्ज काढणारा असतो. तिथे वाढीव खोलीची परवानगी आणि भोगवटा पत्र विक्रीआधी हातात असणं हेच निर्णायक, कारण बँकेचा माणूस नकाशा हातात घेऊनच येतो. आणि प्लॉट खरोखरच सहा मीटरच्या गल्लीत असेल, रेखांकनातही वीसच फूट लिहिले असतील, तर टेप घेऊन कितीही मोजलं तरी रस्ता रुंद होत नाही. अशा वेळी आहे तसं विकणं, आणि ते लवकर विकणं, यात काही कमीपणा नाही.